पळसबोडीबद्दल आपला अभिप्राय

पहिला अभिप्राय मारुतीच्या देवळाबद्दल आला. देवळाचं दार फार अरुंद आहे, आमचा राक्षस आत जात नाही, असं फिनलंडमधल्या कुणा गृहस्थानं लिहिलं होतं. मोनालीनं तो बाबांना मराठीत सांगितला. सूर्यभान बोरसरे यांनी चहाचा कप खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "त्याले सांग, राक्षसानं मारुतीच्या देवळात जाऊच नाही."

मोनालीनं हे उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत करून पाठवलं. गृहस्थ इतका खूश झाला की त्यानं लगेच पाच तारे दिले.

खेळ असा असतो. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. फासे टाकायचे आणि बोटाएवढ्या बाहुल्या पुढे सरकवायच्या. त्या बाहुल्यांना चालायला जमीन लागते, म्हणजे नकाशे, डोंगर, नदी, पडका किल्ला, एखादं गाव. ही जमीन चौकोनी तुकड्यांत विकत मिळते. त्या तुकड्यांना टाइल म्हणतात. मोठी कर्तीसवरती माणसं याच्यावर पगार उधळतात, याचं पर्वताआत्याला अजून नवल वाटतं. पण पुण्याच्या 'चौरंग स्टुडिओ'साठी अशा टाइल घडवून आणि रंगवून मोनालीनं आजवर आपलं आणि बाबांचं घर चालवलं होतं, त्यामुळे आत्या नवल मनातच ठेवायची.

पळसबोडी मात्र इतर टाइलसारखी नव्हती. ते खरं गाव होतं. एखादं गाव धरणात जातं तेव्हा निदान पाण्याखाली ते असतं. पळसबोडीच्या खाली कोळसा निघाला. आधी माणसं उठवली, मग घरं पाडली आणि मग ज्या जमिनीवर गाव वसलं होतं ती जमीनही खणून नेली. आज तिथे खड्डा आहे. त्याच्या तळाशी फिरणारा डंपर काठावरून काडेपेटीएवढा दिसतो. मोनालीचा जन्म त्यानंतरचा, चंद्रपूरजवळच्या पुनर्वसन वसाहतीतला. तिनं गाव पाहिलंच नव्हतं. तिचं गाव म्हणजे बाबांच्या तोंडून ऐकलेलं गाव.

आणि बाबा विसरायला लागले होते. सकाळी जेवलो की नाही, आई कधी गेली, पंखा कुठल्या बटणावर लागतो, असं सगळं एकेक करून निसटत होतं. पळसबोडी तेवढी शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, जुनं शेवटी जातं, आणि हातातलं तर त्याच्याही शेवटी. यांच्या हातांना काम द्या.

मोनालीनं चिकणमाती आणली. तो सगळा उन्हाळा बाबा ओसरीवर बसून गाव करत होते. फळीमागून फळी, टाइलच्या मापाची. बोडीचं तळं, काठावरचे पळस, मारुतीचं देऊळ, खळं, बोरसऱ्यांचं घर, घरामागे गाडगी भाजायचा आवा. एरवी चष्मा कुठे ठेवला ते न आठवणारा माणूस कुणाच्या ओट्याला किती पायऱ्या होत्या ते सांगत होता. मोनाली शेजारी बसून ऐकत होती. तिला इतकं सुख फार वर्षांत झालं नव्हतं.

चौरंगचा केदार उपासनी स्वतः यंत्र घेऊन आला. हुशार मुलगा, बोलायला गोड. त्यानं प्रत्येक फळीवरून प्रकाशाची रेघ फिरवली आणि गाव यंत्रात घेतलं. जाताना विचारलं, "काका, हे भाजून ठेवणार ना?"

"भाजलं का तडकते," बाबा म्हणाले. "जाडी सारखी नाही."

दुसऱ्या दिवशी मोनाली परसात गेली तर फळ्या रिकाम्या धुऊन उभ्या केलेल्या आणि हौदात तांबूस गाळ. बाबांनी सगळं गाव भिजत घातलं होतं. कच्चं काम कुंभार ठेवत नाही. जे आव्यात जायचं नाही ते पुन्हा पाण्यात घालायचं आणि तुडवायचं, हे त्यांच्या हातांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"बाबा, अवं हे काय केलं?"

"त्याच्या मशीननं घेतलं नं? मंग माती कायले अडकून ठेवाची?"

मोनाली कपाळाला हात लावून हसली. तिला पटलंही. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

*

चौरंगची ही नवी टाइल 'जिवंत' होती. तिच्या वरच्या थरात जेलसारखा एक पदार्थ होता आणि त्याखाली केसाहून बारीक तारांची जाळी. जाळीच्या एखाद्या बिंदूला वीज मिळाली की तिथला जेल फुगून घट्ट व्हायचा आणि वीज गेली की बसायचा. अशा असंख्य बिंदूंतून भिंत, पायरी, कौल, झाडाचा बुंधा उभा राही, आणि हाताला तो मातीसारखाच लागे. पण आकार टाइलमध्ये साठवलेला नसे. तो पुण्याहून सतत येत राहायचा. जोडणी काढली की टाइल पुसलेल्या पाटीसारखी सपाट. म्हणजे गिऱ्हाइकानं पळसबोडी घेतली की त्याच्या टेबलावर बोरसऱ्यांच्या हातचं गाव उठून उभं राहायचं, आणि पुढे चौरंगनं त्यात काही सुधारलं तर सुधारणाही आपोआप पोचायची.

पहिला संच केदारनं बाबांना भेट दिला.

रोज सकाळी चहा झाला की बाबा टेबलाशी बसत आणि बोटांनी गावात फिरत. "हे पांदण. हे कवडूचं घर, त्याची म्हैस लय मारकी. हे खळं, आन् इथं आमचा आवा." बोट जाईल तिथली गोष्ट निघायची. डोळे बहुधा मिटलेलेच असत. देवळाच्या मागे एक विहीर होती. तिथे आलं की बाबा बोलायचे थांबत. बोट तेवढं काठावरून गोल गोल फिरत राही, कितीतरी वेळ. मोनालीला वाटायचं, दमले असतील. ती पाण्याचा पेला पुढे करायची.

अभिप्राय तर रोज येत. तळ्याचं पाणी फार चकाकतं. गावात एकही दारूचा गुत्ता कसा नाही? (याला बाबांचं उत्तर: होता, पण तो दाखवायचा नाही.) ब्राझीलमधल्या एका शिक्षिकेनं लिहिलं, आमच्या चोरानं तुमच्या आव्यात लपून जीव वाचवला, धन्यवाद. बाबा दोन दिवस त्या चोराची चौकशी करत होते. पळसबोडीत परत माणसं वावरू लागली होती, राक्षस आणि चोर का असेनात.

पावसाळा संपता संपता अभिप्राय बंद झाले. लिहायची चौकटच चौरंगच्या संकेतस्थळावरून गेली. मोनालीनं केदारला फोन लावला.

"मॅडम, लोक लिहितात ते खरं नसतं," केदार म्हणाला. "म्हणजे खोटं बोलतात असं नाही. त्यांनाच माहीत नसतं. आता टाइलच अभिप्राय घेते. हाताकडून."

मग त्यानं उत्साहानं समजावलं. माणूस आतून हलला की त्याच्या बोटांच्या टोकांना अगदी किंचित घाम येतो. त्याला स्वतःला तो कळतही नाही. पण ओलसर कातडीतून वीज जरा सहज वाहते, आणि टाइलच्या जाळीला ते मोजता येतं. त्यात नाडीचा वेग आणि बोटाचा कंप मिळवला की नकाशातल्या कुठल्या जागेनं माणसाला किती धरलं ते कळतं. नोंद झाली की टाइलच्या कडेला हिरवा ठिपका लागतो. सगळ्या जगातल्या नोंदी पुण्याला येतात, तिथल्या संगणकातलं मॉडेल त्यातून शिकतं आणि नकाशा बदलत जातो. ज्या जागेनं लोकांना धरलं ती वाढते. जिथे कुणाला काहीच वाटत नाही ती आक्रसते.

"पण माणूस आनंदानं हलला की भीतीनं, ते कसं कळतं?"

"ते नाही कळत," केदार मोकळेपणानं म्हणाला. "घाम तोच. पण आम्हाला तीव्रताच हवी असते, मॅडम. खेळात भीती वाटणं म्हणजेही मजाच की."

मोनालीला हे पटण्यासारखं वाटलं. आपण असे सहज पटवून घेणारे निघालो, याचा तिला नंतर मनस्वी राग आला.

*

पहिल्यांदा विहीर खोल झाली. आधी तिच्यात करंगळीचं पेर जाई, आता सबंध करंगळी जायला लागली. मग काठ रुंदावला. दिवाळीच्या सुमारास देवळापुढचा पिंपळ गेला आणि तिथे दुसरी विहीर दिसू लागली.

बाबांचं बोट तिथे अडखळलं. "हे इथं होती का वं?"

"नाही बाबा. इथं पिंपळ होता. तुमीच सांगतलं, पारावर पंचायत बसे."

बाबांनी पुन्हा चाचपून पाहिलं. काठ होता, खोली होती, आतून गारही लागत होतं. जन्मभर डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवलेला माणूस तो. चाकावरच्या गाडग्याची जाडी कधी कुणी डोळ्यांनी पाहते का, असं ते शिकाऊ पोरांना विचारत.

"होती," ते शेवटी म्हणाले. "हात सांगते नं, होती."

दुसऱ्या दिवशी पिंपळाचं नाव काढलं तर त्यांना तो आठवेना. आजार बाबांचं गाव एका बाजूनं खात होता हे मोनालीनं कसंबसं मान्य केलं होतं. आता ते दुसऱ्या बाजूनं बदललंही जात होतं, आणि जे बदले तेच त्यांना खरं वाटे. जे टिकवायला म्हणून तिनं हा सगळा खटाटोप केला, ते तिनंच जगाच्या हाती देऊन ठेवलं होतं.

तिनं पुण्याला फोनांचा सपाटा लावला. मूळ पळसबोडी परत द्या, निदान आमच्या एका संचापुरती. केदार पहिल्यांदाच चाचरला. मूळ स्कॅन वेगळा असा ठेवलाच नव्हता. तो मॉडेलला शिकवायला वापरला आणि मॉडेल शिकून पुढे गेलं. विरजलेल्या दह्यातून दूध परत काढता येत नाही, तसं ते.

"तुमच्याकडे मातीचं आहे ना पण?" त्यानं विचारलं.

हौदातल्या त्या मातीच्या कुंड्या होऊन त्यांत वसाहतीभर तुळशी लागल्या होत्या.

"आणि खरं सांगू का मॅडम," केदार तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "पळसबोडी इतकी कधीच खपली नव्हती. लोकांना ती विहीर आवडतेय. अर्थात सुरुवात तुमच्याकडूनच झाली म्हणा."

"म्हणजे?"

"आमचा सगळ्यात एकनिष्ठ ग्राहक तुमच्याच भागात आहे. बाकीचे रविवारी खेळतात, हा माणूस रोज सकाळी असतो. आणि विहिरीपाशी त्याच्या नोंदी इतक्या वर जातात की आम्हाला आधी टाइल बिघडली असं वाटलं. मॉडेल त्याचंच सगळ्यात जास्त ऐकतं. असा प्रतिसाद जगात कुणाचाच नाही. जाम आवडलीय त्याला ती जागा."

मोनाली फोन कानाला धरून टेबलाकडे पाहत राहिली. बाबा डोळे मिटून बसले होते, बोट काठावरून फिरत होतं आणि टाइलच्या कडेचा हिरवा ठिपका स्थिर जळत होता. तो ठिपका तिनं रोज पाहिला होता. टाइल चालू असल्याची खूण असेल, असं ती समजत होती.

*

केदारनंच उपाय सुचवला होता. देऊळ, खळं, घर यांच्यावर कुणाचा तरी जीव असेल तर त्या माणसांना तिथे हात लावू द्या. मॉडेलला तेही वर घ्यावंच लागेल.

पळसबोडीची माणसं पांगली होती आणि बरीचशी गेलीही होती. मोनालीनं पर्वताआत्याला बोलावलं. आत्या बाबांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तिचंही माहेर पळसबोडीच. पण गावाचा विषय निघाला की ती भाजी निवडायला घ्यायची. टाइल ठेवलेल्या खोलीत ती आजवर आलीच नव्हती. यायलाही तयार नव्हती. मोनालीनं जवळजवळ हाताला धरून आणलं.

"आत्या, फक्त बोट फिरव. घर पाय, खळं पाय. तुले जे आठवते त्याच्यावर बोट ठेव."

आत्यानं घराच्या छपरावर बोट ठेवलं. ठिपका मंदसा लागला. मोनालीला आशा वाटली. आत्याचं बोट ओट्यावरून उतरलं, पांदणीनं देवळाकडे आलं, देवळाला वळसा घालून मागे गेलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. ठिपका लखकन पेटला होता.

"हे त्यानं केली?" आत्या म्हणाली. "विहीर बी केली त्यानं?"

"काहून? काय झालं?"

आत्यानं भावाकडे पाहिलं. बाबा खाटेवर पडून छताकडे बघत होते. ऐकू येत असावं, पण ऐकत नसावेत.

"तुह्या आधी एक पोट्टी होती त्याची. इंदू. चार वर्साची होती. तुह्या मायनं आव्याची राख उपसाले घेतली होती आन् पोट्टी याच्यापाशी खेळत होती. हा चाकावर बसला होता. चाक फिरत असताना कुंभार उठत नाही, गाडगं बसते. गाडगं झालं, दोऱ्यानं कापलं आन् मंग यानं मागं पाह्यलं." आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "विहिरीतून हाच तिले वर घेऊन आला. त्या दिवसापासून कोणी नाव काढलं नाही. गाव उठवाले आले तवा सारे रडले, हा रडला नाही. म्हणे, बरं झालं, खणून न्या."

आपल्याला बहीण होती हे मोनालीला आज कळत होतं. आणि बाबांनी त्या उन्हाळ्यात आपल्या हातांनी ती विहीर घडवली होती, काठ बोटांनी गोल करून, आपण शेजारी सुखानं बसलो असताना. रोज सकाळी ती पाण्याचा पेला पुढे करत होती. ते दमलेले नव्हतेच.

जगातला सगळ्यात उत्कट अभिप्राय हा असा होता. तो चौरंगनं मोजला आणि फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत पाठवून दिला. तिथल्या टेबलांवर विहीर खोल झाली. खोल झाल्यावर माणसांना ती अधिक धरू लागली, त्यांनाही घाम फुटला, तोही मोजला गेला. आता बाबांनी हात काढून घेतला असता तरी विहीर थांबणार नव्हती.

आत्या जाता जाता म्हणाली, "ते घेऊन जा वं माय त्याच्यापुढून. सोसते का म्हाताऱ्याले?"

*

मोनालीनं जोडणी काढली. पळसबोडी सपाट झाली. टाइल कपाटात गेल्या.

दोन-तीन दिवस बाबा टेबलाशी येऊन बसत आणि रिकाम्या लाकडावर हात फिरवत. मग ते दारात उभे राहू लागले. "माह्या गावाले जायची गाडी केव्हा येते?" येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. एकदा तर ते अनवाणी हमरस्त्यापर्यंत गेले आणि खाणीकडे निघालेल्या डंपरला त्यांनी हात केला. ड्रायव्हर भला होता, त्यानं घरी आणून सोडलं.

मोनालीनं शेवटचा प्रयत्न केला. माती आणली, स्वतः मळली आणि फळीवर त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, गाव करा. पयल्यासारखं. देऊळ करा, खळं करा. यावेळेस मी भाजून ठेवीन, तडकलं तर तडकलं."

मातीचा वास आला तसे बाबा जागे झाल्यासारखे दिसले. त्यांनी गोळा दोन्ही हातांत घेतला, थापटला आणि मधोमध अंगठा दाबला. कडा उचलत गोल फिरवल्या. एक विहीर झाली. ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरा गोळा घेतला. जेवणाची वेळ झाली तेव्हा ओसरीवर नुसत्या विहिरी मांडलेल्या होत्या, सारख्या जाडीच्या, सुबक, काठाला बोटाची गोलाई. भाजल्या असत्या तर एकही तडकली नसती.

"गाव झालं," बाबा म्हणाले.

तिनं त्यांचे हात धुतले. नखांतली माती काढताना तिला वाटलं, आता आपल्याकडे काहीच उरलं नाही. कपाटातून टाइल काढून तिनं पुन्हा जोडल्या, कारण दारात उभं राहून गाडीची वाट पाहणाऱ्या बापाला पाहणं तिच्यानं होईना.

जेल हळूहळू फुगू लागला. मधल्या काळात जगभरच्या टेबलांवर बरंच खेळून झालं होतं. मारुतीचं देऊळ नव्हतं. पळस नव्हते. दोन विहिरी मिळून एक झाल्या होत्या आणि तिच्या काठानं तळं गिळलं होतं, पांदण गिळली होती. सगळ्या टाइल मिळून एकच खड्डा होता, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारा, तळ काळा. केदारनं कौतुकानं चित्रफीत पाठवली होती. कुठल्याशा देशात तरुण मुलं श्वास रोखून आपापल्या बाहुल्या दोऱ्यानं त्या खड्ड्यात सोडत होती. मोनालीनं तो खड्डा लगेच ओळखला. तो तिनं लहानपणी काठावर उभं राहून पाहिला होता, काडेपेटीएवढ्या डंपरांसकट. तिच्या बापानं तो मॉडेलला शिकवला नव्हता, आणि मुलांनी तो कधी पाहिला नव्हता. विहीर वाढत वाढत शेवटी तिथेच पोचली होती.

एका कोपऱ्यात, कडेच्या टाइलवर, बोरसऱ्यांचं घर अजून उभं होतं. ओटा होता, छप्पर होतं, मागे आव्याचा उंचवटाही. मोनाली खुर्ची ओढून बसली आणि तिनं छपरावर बोट ठेवलं. याच्यावर माझा जीव आहे, असं ती मनात म्हणाली. इथे माझी आई राख उपसत होती. इथे माझी बहीण खेळत होती. तिनं डोळे मिटून घर आठवायचा प्रयत्न केला, पण तिच्यापाशी आठवण नव्हतीच, ऐकीव शब्द होते. बोट कोरडं राहिलं. ठिपका लागला नाही. तिनं बोट दाबलं, ओट्यावर फिरवलं, आव्यावर नेलं. ठिपका लागला नाही. जिथे कुणाला काही वाटत नाही ती जागा आक्रसते, केदार म्हणाला होता. तिच्या बोटाखाली छप्पर बसत चाललं होतं.

बाबा केव्हा येऊन समोर बसले ते तिला कळलं नाही. त्यांनी खड्ड्यात हात घातला. हात मनगटापर्यंत गेला. त्यांच्या बाजूच्या टाइलचे ठिपके एकदम उजळले. बाबांचा चेहरा मात्र शांत होता, काहीतरी शोधणाऱ्या माणसाचा असतो तसा. तळाशी बोटं चाचपत होती.

"सापडत नाही," ते म्हणाले.

"काय सापडत नाही, बाबा?"

"इथंच होती. मी मागं वळून पाह्यलं नाही, चाक फिरत होतं म्हणून." त्यांनी दुसऱ्या हातानं मोनालीचा हात धरला आणि आत ओढला. कुंभाराची पकड, म्हातारपणातही सुटणारी नव्हे. "तुहा हात बारीक हाय, इंदू. तू घाल. खाली पाय बरं, तू हायेस का."

तिचा हात त्यांच्या हातासोबत काठावरून खाली गेला. आत गार होतं आणि ओलं लागत होतं. तिचं इतके दिवस अडकलेलं रडू वर आलं. तिला कळत होतं की आता हात काढायला हवा. बोटं ओलावली होती, नाडी उडत होती, हात थरथरत होता. पण बाबांनी तो सोडला नाही, आणि तिलाही सोडवून घ्यावासा वाटला नाही. ती खड्ड्यात हात घालून, आयुष्यात कधी न पाहिलेल्या बहिणीसाठी मोठ्यानं रडली.

तिच्या बाजूचा ठिपका हिरवा झाला. कोपऱ्यातलं घर खाली बसलं, आणि खड्डा थोडा आणखी खोल झाला.